कानातली होडी

तीन तासांची सुट्टी मिळाली होती, आणि प्रबिता वीस मिनिटांत धापा टाकत परत आली होती.

तीन वर्षांतली ही पहिलीच सुट्टी. गावच्या शुश्रूषा मंडळाच्या सुहरा टीचरनी सकाळीच बजावलं होतं, "दोन ते पाच मी बसते मेस्त्रींजवळ. तू बाहेर जा. कुठेही जा, पण पाचच्या आत तोंड दाखवलंस तर बघ!" ती निघाली खरी. बेपूरच्या बाजारापर्यंत गेलीसुद्धा. पण औषधाच्या दुकानासमोर तिला एकदम आठवलं – अच्छनच्या, म्हणजे वडिलांच्या, पाठीमागची उशी कशी लावायची ते सांगायचंच राहिलं. आणि मग पाय घराकडे वळले, ते चपला फटफटवतच.

फाटक उघडलं नि ती तिथेच थबकली.

ओसरीवर टीचर नव्हत्याच. तिच्या वडिलांच्या चाकाच्या खुर्चीसमोर एक परका तरुण मांडी घालून बसला होता. हातात पत्ते, कपाळावर आठ्या. आणि त्याच्या उजव्या कानाला लाकडाची एक इवलीशी होडी लटकत होती.

"कोण तुम्ही?"

त्यानं मान वर न करताच ओठांवर बोट ठेवलं. "एक मिनिट... डाव नाजूक आहे."

"माझ्याच घरात मला गप्प करताय? टीचर कुठेत?"

"तुम्ही निघालात नि लगेच त्यांना दुसऱ्या घरून फोन आला. तिथल्या आजींना धाप लागलीय. मला म्हणाल्या, शिनोज, पाव पोचवून झाले असतील तर मेस्त्रींकडे जाऊन बस." मग त्यानं वर पाहिलं. "तुम्ही पाचला येणार होतात ना?"

"ती उशी..."

"लावली. डाव्या कुशीला, जराशी खाली. त्यांनीच सांगितलं."

अच्छननी सांगितलं? झटका आल्यापासून दिवसाकाठी चार शब्द बोलायचे ते. आणि त्यातही निम्मे भलत्याच कुणाला उद्देशून.

"कोया!" अच्छन खेकसले. "बायकांशी मग बोल. पान टाक आधी."

कोया म्हणजे अच्छनचा पत्त्यांतला भिडू. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. प्रबिता काही बोलणार, तोच तो तरुण अगदी सहज म्हणाला, "टाकतो की मेस्त्री, घाई काय आहे? काय बोटीवर जायचंय?" आणि त्यानं पान टाकलं. आणि हरला.

बेपूरला पत्त्यांत हरेल त्यानं कानात कुणुक्कू, म्हणजे डूल, अडकवायचा, हा जुना दंडक. कुणी फणसाचं पान खोचतं, कुणी कपड्यांचा चिमटा लावतं. अच्छन, म्हणजे वेलायुधन मेस्त्री, तर पडले जहाजं बांधणारे. चाळीस वर्षं सागवानावर वाकस चालवलेला माणूस. त्यांनी उरलेल्या ढलप्यांमधून बोटाच्या पेराएवढ्या दोन होड्या कोरल्या होत्या, मागे चिमटा बसवलेल्या. जहाजाच्या सावलीत डाव रंगायचे तेव्हा त्या होड्या कुणाकुणाच्या कानांत डुलल्या होत्या. अच्छनच्या कानात मात्र क्वचितच.

"अहो, काढा ते आता," प्रबिता ओशाळून म्हणाली. "त्यांना नाही कळत..."

"जिंकल्याशिवाय काढायचं नाही, असं ठरलंय आमचं."

"पण ते लबाडी करतात!"

"माहितेय. चौकटचा गुलाम मांडीखाली आहे." तो हळूच पुढे वाकला. "पण सांगू नका हं. एवढे खूश आहेत..."

आणि प्रबिताला हसू आलं. अगदी फिस्सकन. तिचं तिलाच ते ओळखीचं वाटेना.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "अजून अडीच तास आहेत तुमचे. निघा."

"कुठे जाऊ?"

ती थट्टेनं विचारत नव्हती, हे त्याला कळलं. पत्ते पिसता पिसता त्याचे हात थांबले. "ते मी कसं सांगणार?" तो मऊ आवाजात म्हणाला. "पण नदीवर वारा छान असतो या वेळी."

त्या दिवशी ती जंगारवर चढली. माणसं, स्कूटरी, टेम्पो सगळं पोटात घेऊन चालियार नदीच्या पलीकडे, चालियमला नेणारी ती सपाट होडी. पलीकडे गेली, उतरलीच नाही. तीच जंगार परत आली. ती पुन्हा पलीकडे गेली. कुठे जायचं ते ठरवायला लागत नाही, आणि तरी आपण जात असतो... बरं वाटलं तिला.

पाचला ती परतली तेव्हा शिनोजच्या दोन्ही कानांत होड्या होत्या. तशाच कानांनी तो बेकरीच्या टेम्पोत बसला आणि तसाच बाजारातून गेला.

*

मंडळाचा नियम होता – एका घराला बारा गुरुवार. मग पुढचं घर. यादी लांब होती. बेपूरमध्ये घरोघरी कुणीतरी खाटेवर होतं आणि कुणीतरी खाटेशी बांधलेलं होतं. टीचरना इतर घरं पुरून उरत होती, म्हणून मेस्त्रींचे गुरुवार शिनोजच्या वाट्याला आले.

तो पहाटे चारला पाव घेऊन निघायचा, बारापर्यंत मोकळा व्हायचा. दोनला यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला वेलची आणि भाजलेल्या लोण्याचा वास असायचा. हातात कागदात गुंडाळलेला एक बन. "मेस्त्रींना चालत नाही. म्हणजे उरलं कोण?" असं म्हणून तो तिच्या हातावर ठेवायचा.

गंमत अशी होती की तो येणार म्हणजे तिनं जायचं. त्यांचं जे काही होतं ते दोनला दहा मिनिटं आणि पाचला दहा मिनिटं. दोनला ती सांगायची – पेज झालीय, पाणी पाजताना हनुवटी खाली ठेवा, लघवीचं भांडं इथे. तो नुसता मान हलवायचा आणि तिच्याकडे बघायचा. मग ती काय सांगत होती तेच विसरायची.

पाचला त्याची पाळी. "तर मग... आज कुठे?"

खरं कसं सांगणार? तीन तास नुसती होडीत बसते म्हणून? वेडी म्हणेल. मग ती थापा मारायची.

"आज ना, मैत्रिणीकडे गेले होते. कल्लुम्मकाया खाल्ल्या. चांगल्या डझनभर."

"शिंपल्यांचा हंगाम संपला की."

"तिनं साठवल्या होत्या."

"मैत्रीण मोठी दूरदर्शी आहे," तो गंभीरपणे म्हणायचा.

एका गुरुवारी तिनं सिनेमा पाहिल्याचं सांगितलं. नायक कसा, नायिका कशी, शेवटी विमानतळावर कशी भेट झाली... तो गालावर हात ठेवून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "छान आहे. फक्त ते थेटर दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. तिथे आता फर्निचर मिळतं."

ती लाजेनं लाल झाली. "मग इतका वेळ ऐकलंत कशाला?"

"तुम्ही सांगत होतात म्हणून."

ती आत पळाली. पेजेचं भांडं उगाचच दुसऱ्यांदा घासत राहिली.

रात्री अच्छनची कूस बदलताना ती बोटांवर मोजायची. पाच झाले, उरले सात. सहा झाले, उरले सहा. मग स्वतःवरच चिडायची. काय मोजतेस? तो मंडळाचा माणूस आहे. उद्या दुसऱ्या घरी बसेल, तिथल्या कुणाला बन देईल. आणि समजा नसेल तसं... तरी काय? अच्छनना सोडून ती कुठे जाणार नव्हती, हे तिनं आईच्या चितेसमोर ठरवलेलं. नि असल्या घरात कुणाला बोलवायचं म्हणजे त्याच्याही गळ्यात ही खाट बांधायची. इतकं वाईट तिला कुणाचंच करायचं नव्हतं. त्याचं तर मुळीच नाही.

आठव्या गुरुवारी ती परतली तेव्हा ओसरीवरचं बोलणं तिला फाटकापाशीच ऐकू आलं. अच्छन तुटक तुटक बोलत होते.

"कोया... ती पोरगी कोण रे?"

"कोणती, मेस्त्री?"

"पेज भरवते ती. चांगली आहे. पण... खेळत नाही कधी." पान टाकल्याचा आवाज आला. "सगळ्यांना पानं वाटते. स्वतःला एक ठेवत नाही."

प्रबिता फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. अच्छन आपल्याला ओळखत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. त्याचं रडून झालं होतं. पण न ओळखताही त्यांनी एवढं पाहिलं होतं...

त्या दिवशी ती ओसरीवर आली तेव्हा तो पत्ते डब्यात भरत होता. जाताना शिनोज म्हणाला, "मी तुम्हाला एक सांगितलं नाही कधी. माझी आजी चार वर्षं अंथरुणात होती. आईनं त्या चार वर्षांत एक लग्न पाहिलं नाही, एक जत्रा पाहिली नाही. आजी गेल्यावर आम्ही तिला म्हटलं, आता जा कुठेही. ती बस-स्टॉपपर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, कुठे जायचं ते आठवत नाही." त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, कुठे जाऊ... मला रात्रभर झोप नाही लागली."

*

नवव्या गुरुवारी दीड वाजताच पूर्वेकडे आभाळ गडगडायला लागलं. तुळा महिन्यातला, म्हणजे ऑक्टोबरातला, दुपारचा पाऊस तो, आधी विजांची आतषबाजी करणार आणि मगच खाली येणार. शिनोज चिंब भिजून पोचला. बन मात्र कोरडा, शर्टाच्या आत जपलेला.

"जंगार बंद केलीय," तो केस झटकत म्हणाला. "वाऱ्यामुळे."

"असं? मला काय त्याचं..."

तो हसला. "प्रबिता, मी रोज सकाळी त्याच जंगारवरून चालियमला पाव नेतो. तिकीटवाला मला दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, गुरुवारी एक बाई येते, सात-सात फेऱ्या मारते, उतरत नाही. म्हटलं, तिला कडेची जागा देत जा."

म्हणूनच का तो तिकीटवाला दर खेपेला कडेचा बाक पुसून द्यायचा! ती रागानं त्याच्याकडे वळली. बाहेर पाऊस कौलांवर कोसळत होता. त्यानं पहिल्यांदाच तिला नुसत्या नावानं हाक मारली होती, आणि ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"तर मग..." तो घाईनं म्हणाला, "छत्री देऊ? नियम म्हणजे नियम. तुम्ही बाहेर."

"या पावसात?"

"नियमात पावसाचं काही लिहिलेलं नाही, पण..."

"पानं वाट," अच्छन खुर्चीतून म्हणाले. नजर प्रबिताकडे होती. "बस, पोरी."

ती बसली. हातात पानं घेतली. आईच्या माघारी पहिल्यांदा. गुलाम मोठा, त्याखाली नव्वी... लहानपणी अच्छनच्या मांडीवर बसून शिकलेलं बोटांना सगळं आठवत होतं. शिनोज आठ्या घालून खेळला आणि हरला. मग तीही हरली. अच्छननी थरथरत्या डाव्या हातानं स्वतः तिच्या कानाला होडी लावली. चार वेळा चिमटा निसटला, पाचव्यांदा बसला. ती हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती. शिनोज तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या हातातली सगळी पानं उलटी, सर्वांना दिसतील अशी झाली होती.

"चांगलं चाललंय!"

दारात सुहरा टीचर. छत्रीतून धारा गळताहेत, चष्म्यावर थेंब.

दोघंही कानातल्या होड्यांसकट ताडकन उभे राहिले.

"टीचर, जंगार बंद..."

"शिनोज, तुला मी इथे कशाला पाठवते? ही बाहेर जावी म्हणून. आणि ही घरात का बसलीय?" टीचरनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बराच वेळ पाहिलं. "तू असलास की ही बाहेर जाणार नाही. मग ही सुट्टी कुणाची? पुढच्या गुरुवारपासून मी येते. तुला दुसरं काम देईन."

शिनोजनं तोंड उघडलं. प्रबितानं जमिनीकडे पाहिलं. बोल ना काहीतरी, असं तिचं मन ओरडत होतं. कुणाला, ते तिलाच कळत नव्हतं. तिनं कानातली होडी काढून डब्यात ठेवली. त्यानं काढली नाही.

"मेस्त्री, येतो," तो अच्छनपुढे वाकून म्हणाला. "उधारी राहिलीय माझी. एक डाव."

आणि पावसात गेला.

*

ते सात दिवस कसे गेले ते तिला नीट सांगता यायचं नाही. दूध उतू गेलं. औषधाची वेळ चुकली नाही, पण बाकी सगळं चुकलं. अच्छन रोज दोनला फाटकाकडे बघायचे. "कोया?" "येईल हं," ती म्हणायची, आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

गुरुवारी टीचर वेळेवर आल्या. खुर्ची ओढली, पदर खोचला.

"टीचर, आज मला नाही जायचं कुठे."

"का?"

"बरं नाही वाटत."

"जंगारला वारा चांगला असतो," टीचर पत्ते पिसत म्हणाल्या. "मी तुला बाहेर पाठवायला आलेय, प्रबिता. एकटीलाच पाठवायचं असतं, असं मी कधी म्हटलं का? आणि त्या मुलालाही दोन ते पाच कामच दिलंय. बघ जाऊन, करतोय का नीट."

तिला समजायला क्षणभर लागला. मग चपला कुठेत तेच सापडेना.

धक्क्यावर तो टेम्पोला टेकून उभा होता. कानात होडी तशीच. दोन कोळी त्याच्याकडे बघून खुसखुसत होते. तिकीटवाला मोठ्यानं म्हणाला, "अरे ए कुणुक्कू, आली बघ तुझी कडेची जागा!"

"आठवडाभर घातलंयत हे?" तिनं जवळ येत विचारलं. श्वास अजून लागलेला.

"अंघोळीला काढायचो. देवाशप्पथ, तेवढंच."

"आणि बेकरीत?"

"बेकरीत मालक म्हणाले, गिऱ्हाईक वाढलंय. तसंच राहू दे."

जंगार सुटली. कडेच्या बाकावर दोघं बसले, मध्ये एका बनाचं अंतर ठेवून. नदी समुद्राला मिळते तिथे पाणी दोन रंगांचं दिसत होतं. पलीकडे बांधणीतल्या जहाजाचा सांगाडा उन्हात तांबूस चमकत होता. तिनं तिकडे पाहत, एका दमात बोलून टाकलं – न बोलले तर पुन्हा बोलणार नाही म्हणून.

"मी अच्छनना सोडून कुठे येणार नाही. कधीच. ते असेपर्यंत माझं घर म्हणजे ती खाट, पेज, रात्रीचं उठणं. मला कुणाची दया नको आणि कुणाला त्यात ओढायचंही नाही. एवढं सांगायला आले. बस्स."

होडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा होता.

"मी तुम्हाला त्या घरातून बाहेर या म्हणत नाहीये," तो म्हणाला. "मी विचारतोय, मला आत घेता का?"

तिनं वळून पाहिलं.

"सहा दिवस मी तिथे हरत बसेन. रात्री उठायची पाळी वाटून घेऊ. मी तसाही साडेतीनला उठतो. आई तर कधीची मागे लागलीय, मेस्त्रींना बघायला येते म्हणून. तिला अनुभव आहे, ती तुम्हाला रागवेलसुद्धा." तो थांबला. कान लाल झाले होते, होडीसकट. "पण गुरुवारी... गुरुवारी दोन ते पाच आपण दोघं सुट्टीवर. कुणीतरी येऊन बसेल. टीचर येतील, आई येईल. आणि त्या बदल्यात एखाद्या मंगळवारी आपण दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन बसू. आणि दया म्हणाल तर... नऊ आठवडे मी तुमच्या घराच्या दाराशी वीस-वीस मिनिटांवर जगलोय, प्रबिता. दया माझी यायला हवी."

पाणी तिच्या डोळ्यांत आलं, की नदीचा शिंतोडा होता... तिनं पुसलंच नाही.

"तो कुणुक्कू कधी काढणार?" तिनं विचारलं.

"जिंकल्यावर."

ती थोडी पुढे झुकली. वेलची, लोणी, ऊन. दोन बोटांनी तिनं हलकेच चिमटा उघडला, त्याच्या कानातली होडी काढली आणि स्वतःच्या कानाला लावली. पहिल्याच झटक्यात बसली.

तो बघतच राहिला.

"हरले मी," ती म्हणाली. "आता चालियमला उतरू या? मला पलीकडे काय आहे ते अजून माहीतच नाही."

*

त्या दिवशी प्रबिताला पहिल्यांदाच उशीर झाला. पाच वाजून वीस मिनिटं. हातात पळंपोरीचा, केळ्याच्या भज्यांचा, तेलकट पुडा, वेणी वाऱ्यानं सुटलेली, आणि शेजारी शिनोज.

सुहरा टीचरनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पत्त्यांत मान घातली. त्यांच्याही कानात होडी होती.

अच्छननी मान वर केली. नजर लेकीच्या कानावर गेली, मग शिनोजच्या मोकळ्या कानावर. चेहऱ्याची एकच बाजू हसू शकत होती. ती पूर्ण हसली.

"कोया... अखेर जिंकलास काय रे?"

"जिंकलो, मेस्त्री."

"मग बसा." त्यांनी डावा हात गोल फिरवला, एक, दोन, तीन, चार. कितीतरी वर्षांनी त्या ओसरीवर डावाला लागतात तेवढी माणसं होती. "पोरी, पानं वाट."

प्रबिता खाली बसली. अच्छनना एक, टीचरना एक, शिनोजला एक. आणि मग एक पान तिनं स्वतःसमोर ठेवलं.